शिवभोजन थाळी : महामारीच्या काळातील एका सरकारी जेवणाचे परीक्षण

शिवभोजन थाळीबद्दल, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या अनुदानित स्वस्त जेवणाबद्दल, आजवर बरेच लिहिले गेले, परंतु त्यातले बहुतेक लेखन ती कोणी आणली आणि तिचे श्रेय कोणाचे, याभोवतीच फिरत राहिले. एखाद्या खाणावळीबद्दल लिहिताना आपण ताटात काय होते, किती होते, वाढणाऱ्यांचे वागणे कसे होते आणि दिलेल्या पैशांचा मोबदला मिळाला का, हे पाहतो. करोनाच्या काळात आधी पाच रुपयांत आणि पुढे विनामूल्य मिळालेल्या या थाळीलाही तोच न्याय लावायला हवा, कारण त्या दीड वर्षात राज्यातील रोजच्या लाखाहून अधिक माणसांचे दुपारचे जेवण तिच्यावर अवलंबून होते. माझे मत आधीच सांगते. टाळेबंदीत गरिबांसाठी जे जे उपाय योजले गेले, त्यांत या थाळीइतकी कमी चौकशी कोणत्याच योजनेने केली नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत उपयोगी ठरली. तिच्यात उणिवा होत्या. त्यांतली सर्वांत मोठी उणीव ताटात दिसत नव्हती, ती केंद्र चालवणाऱ्यांच्या उधारीच्या वहीत होती.

योजनेची सुरुवात महामारीपूर्वीची आहे. २६ जानेवारी २०२० रोजी, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ अन्न व नागरी पुरवठा मंत्री असताना, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर ही केंद्रे उघडली आणि राज्यभरात मिळून दिवसाला अठरा हजार थाळ्यांचे उद्दिष्ट ठेवले गेले. एका थाळीची किंमत शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे आणि उरलेले सरकारने अनुदान म्हणून केंद्रचालकाला द्यायचे, असा हिशेब होता. स्वस्त जेवणाची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १९९५ साली आलेल्या युती सरकारची एक रुपयातील झुणका-भाकर अनेकांना आठवत असेल, आणि त्या केंद्रांसाठी सरकारने दिलेल्या जागांवर पुढे अनेक ठिकाणी दुसरेच धंदे सुरू झाले हेही आठवत असेल. यावेळी सरकारने स्वतः जागा वाटण्याऐवजी चालू असलेल्या खाणावळी, भोजनालये, स्वयंसेवी संस्था आणि महिला बचत गट यांनाच केंद्रे दिली. हा निर्णय शहाणपणाचा होता. स्वयंपाकघर, भांडीकुंडी आणि हाताला सराव असलेली माणसे आधीपासून होती, म्हणूनच दोन महिन्यांनी देश बंद झाला तेव्हा ही योजना तालुक्यापर्यंत झपाट्याने नेता आली.

मार्च २०२० च्या अखेरीस दर पाच रुपयांवर आणला गेला, दैनंदिन उद्दिष्ट एक लाख थाळ्यांपर्यंत वाढवले गेले, आणि दुपारी बारा ते दोन ही वेळ अकरा ते तीन अशी करण्यात आली. त्या आठवड्यांत हातावर पोट असलेल्या माणसापुढे नेमकी कोणती अडचण होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या बदलाचे मोल कळत नाही. केंद्र सरकारच्या गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले होते आणि ती मदत फार मोठी होती. पण ते धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते, आणि बांधकामावरच्या मजुराची, हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलाची किंवा रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याची शिधापत्रिका एक तर गावाकडे होती किंवा मुळातच नव्हती. शिधापत्रिका असली तरी तांदूळ शिजवायला चूल लागते, सरपण किंवा गॅस लागतो, तेल-मीठ लागते, आणि दहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणारी कितीतरी माणसे एरवी खाणावळीतच जेवत असत. त्या खाणावळी बंद झाल्या तेव्हा खिशात शे-दोनशे रुपये असूनही जेवण मिळेनासे झाले. अशा माणसाला शिजलेले अन्न हवे होते, रोज हवे होते, आणि तू कुठला आहेस हे न विचारता हवे होते.

शिवभोजन केंद्रावर हे तिन्ही जमले. तेथे शिधापत्रिका मागत नव्हते, आधार कार्ड मागत नव्हते, उत्पन्नाचा दाखला किंवा रहिवासाचा पुरावा मागत नव्हते. योजना जाहीर झाली तेव्हा आधार सक्तीची चर्चा उठली होती. तशी सक्ती नाही हे सरकारने स्पष्ट केले, आणि पुढच्या काळाचा विचार करता हा खुलासा साऱ्या योजनेतील सर्वांत महत्त्वाचा ठरला असे मला वाटते. दारिद्र्यनिर्मूलनाच्या आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक योजनेत गरिबाला आधी आपली गरिबी सिद्ध करावी लागते, आणि ती सिद्ध करण्यासाठी तलाठी कार्यालय, सेतू केंद्र, झेरॉक्सचे दुकान अशा फेऱ्या माराव्या लागतात. टाळेबंदीत तर ही सगळी दारे बंदच होती. येथे रांगेत उभे राहणे हाच पुरावा होता. पाच रुपयांच्या जेवणासाठी भर उन्हात रांग लावणारा माणूस गरजूच असणार, एवढा विश्वास सरकारने एकदा तरी आपल्या माणसांवर ठेवला.

आता ताटाकडे येते. ठरवून दिलेले प्रमाण असे होते: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. बेरीज केली तर ४१० ग्रॅम शिजलेले अन्न होते, आणि माझ्या ढोबळ हिशेबाने त्यातून साडेपाचशेच्या आसपास उष्मांक मिळत असावेत. बैठे काम करणाऱ्या किंवा वयस्कर माणसाला एका वेळेला हे पुरेसे आहे. हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या किंवा दिवसभर पायी चालत आलेल्या तरुणाला मात्र ते पुरत नाही. ३० ग्रॅमची चपाती घरच्या फुलक्याएवढीच असते आणि अशा दोन चपात्या चार घासांत संपतात. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस हाच या थाळीचा मुख्य ग्राहक असताना चपात्यांची संख्या दोनवरच का थांबवली, हे मला कधी पटले नाही. एक चपाती वाढवली असती तर खर्च फार वाढला नसता आणि पोट भरल्याची भावना पुष्कळ वाढली असती. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात चपातीऐवजी भाकरी देण्याची मोकळीक असती तर तेही लोकांना मानवले असते.

चवीबाबत सरसकट काही सांगता येणार नाही, कारण ती केंद्रागणिक बदलत होती. मी सर्वाधिक पाहिलेले केंद्र आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ आहे आणि ते महिला बचत गटाकडे आहे. तेथील वरण पातळ असले तरी त्याला जिरे-लसणाची फोडणी असे, भात मोकळा असे, आणि भाजी बहुतेक दिवशी बटाटा, कोबी, वांगे किंवा मोड आलेली मटकी यांपैकी एखादी असे. मटकी किंवा हरभऱ्याची उसळ असेल त्या दिवशी ताट पोषणाच्या दृष्टीने चांगले भरत असे. नुसत्या बटाट्याच्या दिवशी मात्र वरणावरच सगळी भिस्त राही. दुसऱ्या एका ठिकाणी वरण इतके पाणचट होते की भात कालवल्यावर डाळ शोधावी लागली. तेथे तपासणीला कोणी येत होते की नाही, याची शंका वाटावी असेच ते ताट होते. पदार्थांची वजने आदेशात अगदी ग्रॅमपर्यंत ठरलेली होती. मात्र शंभर ग्रॅम वरणात डाळ किती असावी, हे कोणी तरी मोजायला हवे होते.

साथीमुळे केंद्रावर बसून जेवणे बंद झाले आणि थाळी पुड्यात देऊ लागले. त्यामुळे संसर्गाची भीती कमी झाली, आणि घरी आजारी असलेल्या माणसासाठी जेवण नेता आले, ही सोय झाली. तोटा असा की बसून जेवताना वाढपी आग्रहाने एखादी पळी वरण जास्त वाढू शकतो, तसे पुड्यात होत नाही. वरण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिले जाई आणि फुटपाथवर बसून ते उघडताना अर्धे सांडे. ज्यांनी घरून डबा आणला त्यांना डब्यात वाढून देण्याची रीत आमच्याकडच्या बायकांनी आपणहून सुरू केली, आणि ती मला फार आवडली. रांगेसाठी चुन्याने आखलेली वर्तुळे, हात धुण्यासाठी ठेवलेले पाण्याचे पिंप, तोंडाला फडके बांधून वाढणाऱ्या बायका, हे सारे पहिल्या काही आठवड्यांतच नीट बसले होते. त्या काळात स्वतःच्या घरच्यांचा विरोध पत्करून रोज सकाळी शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक करायला बाहेर पडणाऱ्या या बायकांचे नाव करोना योद्ध्यांच्या यादीत फारसे कोणी घेतले नाही. ते घेतले जायला हवे होते.

फोटोविषयी माझे मत संमिश्र आहे. प्रत्येक थाळीमागे जेवणाऱ्याचे नाव घ्यायचे आणि मोबाईलवरील शिवभोजन ॲपवर त्याचा फोटो काढायचा, त्याशिवाय ती थाळी अनुदानाच्या हिशेबात धरली जात नसे. सरकारी पैसा असल्यामुळे मोजदाद हवीच, आणि खोट्या नोंदींच्या तक्रारी पुढे आल्यावर २०२२ च्या सुरुवातीला केंद्रांवर सीसीटीव्ही कॅमेरेही बंधनकारक केले गेले. तरीही ज्याने आयुष्यभर कमवून खाल्ले आणि टाळेबंदीने प्रथमच रांगेत उभे केले, अशा माणसाला तो फोटो बोचत असे. काही जण, विशेषतः नोकरी गेलेले मध्यमवयीन पुरुष, ॲप उघडलेले पाहून रांगेतून बाजूला होताना मी पाहिले आहेत. दिवसाला किती धान्य शिजले, किती पुडे बांधले गेले आणि कोणत्या वेळी संपले याची नोंद नगरपालिकेच्या किंवा पुरवठा विभागाच्या माणसाने अचानक भेट देऊन पडताळली असती, तर चेहऱ्याची गरज पुष्कळ कमी झाली असती.

केंद्रांच्या जागांचा प्रश्न याहून गंभीर होता. मूळ नियमाप्रमाणे बसस्थानक, रेल्वे स्थानक, बाजारपेठ, रुग्णालय आणि सरकारी कार्यालये अशा वर्दळीच्या ठिकाणांना प्राधान्य होते, आणि एरवीच्या दिवसांत ते योग्यच आहे. पण टाळेबंदीत एस.टी. बंद, बाजार बंद आणि कचेऱ्या ओस पडल्या. भुकेली माणसे वस्त्यांमध्ये, अर्धवट इमारतींच्या तळमजल्यावर, वीटभट्ट्यांवर आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील उसतोड कामगारांच्या खोपटांत अडकून पडली. उसतोड कामगारांना तर एप्रिलच्या मध्यापर्यंत गावी परतण्याची परवानगीही मिळालेली नव्हती. तीन किलोमीटर चालत बसस्थानकावर जायचे, वाटेत पोलिसांची काठी चुकवायची आणि पोहोचेपर्यंत थाळ्या संपलेल्या असायच्या, हा अनुभव त्या दिवसांत अनेकांना आला. एका केंद्राला दिवसाला ठरावीक थाळ्याच मंजूर असत. सुरुवातीला ही मर्यादा किमान ७५ आणि कमाल १५० अशी होती. दीडशेची मर्यादा संपली की एकशेएकावन्नाव्या माणसाला परत पाठवण्यावाचून केंद्रचालकापुढे इलाज नसे, कारण त्याच्या जेवणाचे पैसे कोठूनच मिळणार नव्हते. कोणत्या वस्तीत किती माणसे उपाशी आहेत हे नगरसेवकाला, ग्रामसेवकाला, आशा ताईंना आणि अंगणवाडी सेविकांना नेमके ठाऊक होते. केंद्र कोठे असावे हे ठरवण्यात मात्र त्यांना काही अधिकार नव्हता. तो जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्या समित्यांकडे होता, आणि ही कार्यालये तेव्हा शंभर इतर कामांत गळ्यापर्यंत बुडालेली होती.

दुसऱ्या लाटेत हीच योजना आणखी उदार झाली. एप्रिल २०२१ मध्ये कडक निर्बंध जाहीर करताना राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि तिच्यात १५ एप्रिलपासून महिनाभर शिवभोजन थाळी विनामूल्य देण्याचा निर्णय होता; पुढे ही मुदत वाढत गेली आणि ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा दहा रुपये घेतले जाऊ लागले. त्याच मदतीत नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी पंधराशे रुपये होते. ही रोख मदत आवश्यकच होती. पण नोंदणीकृत, परवानाधारक आणि अधिकृत या तीन अटींच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांची संख्या आत असलेल्यांपेक्षा कमी नव्हती. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणारा, टोपलीत लिंबे घेऊन बसणारी, नाक्यावरचा मजूर, यांच्या वाट्याला त्या मदतीतून आले ते प्रामुख्याने हे ताट.

आता मुख्य उणिवेकडे वळते. शहरी केंद्रावर दीडशे थाळ्या असतील, तर दिवसाचा एकूण हिशेब ७,५०० रुपयांचा होतो. दहा रुपये दर असताना त्यातले १,५०० रुपये केंद्रचालकाच्या हातात रोख पडत आणि ६,००० रुपये सरकारकडून येणे राही. दर पाच रुपये झाला तेव्हा हातात ७५० रुपये उरले आणि येणे ६,७५० रुपयांचे झाले. थाळी विनामूल्य झाली तेव्हा हातात काहीच उरले नाही. सगळेच्या सगळे साडेसात हजार येणे बाजूला गेले. अनुदान महिनाभर जरी लांबले, तरी एका छोट्या खाणावळीने किंवा दहा बायकांच्या बचत गटाने सव्वादोन लाख रुपये सरकारला उसने दिल्यासारखे झाले. किराणा दुकानदार आठ-पंधरा दिवस थांबतो, गॅसवाला थांबत नाही, भाजी तर रोखीनेच घ्यावी लागते. जेवणाऱ्याला जितकी सवलत वाढत गेली, तितका केंद्रचालकाच्या डोक्यावरचा भार वाढत गेला, आणि निर्णय घेताना हा दुसरा अर्धा भाग कोणी मांडला असेल असे त्या निर्णयांकडे पाहून वाटत नाही. थकीत अनुदानासाठी केंद्रचालकांनी निवेदने दिल्याच्या बातम्या पुढच्या वर्षांत राज्याच्या अनेक भागांतून येत राहिल्या. वरण पातळ का होते, भाजीत रोज बटाटाच का असतो, एखादे केंद्र कुलूप लावून का बसते, यांमागे केंद्रचालकाची लबाडी जितक्या वेळा असेल, त्याहून अधिक वेळा त्याची उधारी असते, असे माझे निरीक्षण आहे.

हे वेगळ्या रीतीने करता येते, याची उदाहरणे दक्षिणेकडील राज्यांत आहेत. चेन्नईत २०१३ पासून अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहे महापालिकाच चालवते. एक रुपयाला इडली आणि पाच रुपयांना सांबार-भात देणाऱ्या त्या उपाहारगृहांत बचत गटांतील बायका काम करतात आणि जागा, स्वयंपाकघर, धान्य यांची जबाबदारी महापालिकेची असते. केरळचे उदाहरण मला अधिक शिकण्यासारखे वाटते. तेथे टाळेबंदी लागताच पंचायती आणि नगरपालिकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे उघडली, निराधारांना फुकट आणि इतरांना वीस रुपयांत जेवण दिले, आणि घरपोच हवे असल्यास पाच रुपये जास्त घेतले. पुढे कुडुंबश्री या केरळ सरकारच्या अभियानातील महिला गटांमार्फत चालणारी वीस रुपयांची जनकीय हॉटेले राज्यभर पसरली; त्यांना जागा, वीज आणि पाणी यांचा भार स्थानिक संस्थेने उचलायचा, तांदूळ सवलतीत मिळायचा आणि दर जेवणामागे दहा रुपये अनुदान मिळायचे. पुढे तेथेही अनुदान बंद झाल्यावर हॉटेले अडचणीत आली, म्हणजे ती व्यवस्थाही निर्दोष नव्हती. मात्र दर जेवणामागे वीस रुपये रोज गल्ल्यात पडत असल्यामुळे चूल पेटती ठेवण्याइतका पैसा गटाच्या हातात राहत असे, आणि कोणत्या वाडीत डबा पोहोचवायचा हे त्या वाडीचा पंचायत सदस्यच सांगत असे. स्थानिक पातळीवर नियोजन करण्याच्या १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून तेथील पंचायतींच्या हाती पैसा आणि निर्णय दोन्ही आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायतीला केंद्राच्या फलकावर नाव लावण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही.

म्हणून या सेवेला मी ताटासाठी चांगले, विनाअट प्रवेशासाठी उत्तम आणि पैशांच्या व्यवस्थेसाठी निकृष्ट असे गुण देईन. पहिल्या दोन गोष्टी टिकवायच्या असतील तर तिसरी दुरुस्त करायला फार मोठी रक्कम लागत नाही. एका तालुक्यात प्रत्येकी शंभर थाळ्यांची दहा ग्रामीण केंद्रे आहेत असे धरले आणि पाच रुपयांच्या दराप्रमाणे दर थाळीमागे तीस रुपये अनुदान धरले, तर महिन्याचे येणे नऊ लाख रुपये होते. एवढी रक्कम पंचायत समितीकडे कायमची फिरती ठेव म्हणून द्यावी, केंद्रांना दर आठवड्याला तिच्यातून पैसे चुकते करावेत आणि मंत्रालयातून अनुदान येईल तेव्हा ते त्याच ठेवीत जमा व्हावे. अनुदान यायला महिना लागला तर तो पंचायत समितीला लागेल, आणि सोमवारी डाळ भरायला निघालेल्या बचत गटाच्या बाईला किराणा दुकानदारासमोर मुदत मागत उभे राहावे लागणार नाही.